मेकॅनिकल की रेग्युलेटेड?

चहा जरा खाली ठेवा. खरंच ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या फ्रान्सिसच्या नाकातून एकदा चहा आलाय, आणि सोफा आमचा होता.

फजिती माझी स्वतःची आहे, त्यामुळे मनमोकळं हसा. माझ्या बायकोनं येईल त्या पाहुण्याला सांगून सांगून ती इतकी चकचकीत केलीय, की आता मूळ मालक म्हणून मलाच ती एकदा धड सांगायचीय.

तर मी विनय. पुण्याचा, मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. २००८ साली दुबईत उतरलो आणि माझ्या मागोमाग मंदीही उतरली. माझा काही संबंध नाही हो! पण बघता बघता क्रेन थांबल्या, शेजारच्या खोल्या रिकाम्या झाल्या, ओळखीचे दोन इंजिनियर सामान बांधून परत गेले. मी मात्र टिकलो. का? कारण मी लाँड्रीत होतो. हॉटेलांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री. जगात काहीही कोसळू दे, चादरी मळायच्या थांबतात का?

त्या लाँड्रीचा बॉयलर माझ्याकडे होता. तासाला दोन टन वाफ! तिसऱ्या वर्षी मंजिरी आणि आमची चिमुरडी ईशा आल्या, आणि इंटरनॅशनल सिटीतल्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये आमचा संसार सुरू झाला. फ्रान्सिस तेव्हाचाच दोस्त. वसईचा. एका हॉटेलात हाऊसकीपिंगला. तो चादरी मळक्या पाठवायचा, मी पांढऱ्या परत पाठवायचो. मैत्रीला याहून जास्त काय लागतं?

अकरा वर्षं असं चाललं. आणि मंदीत जी लाँड्री टिकली, ती चांगल्या दिवसांत बंद पडली. हॉटेलवाल्यांनी स्वतःच्या मशिनी घेतल्या, आमच्या मालकानं आम्हाला ओळीनं उभं करून सांगितलं, "खलास."

शेहेचाळीस वर्षांचं वय. तिघांचेही व्हिसा माझ्या नोकरीला बांधलेले. ईशा नववीत. मी अर्जांचा सपाटा लावला. उत्तर कुठूनच नाही. 'वी विल कॉल यू' म्हणणारे लोक नेमका कुठला फोन वापरतात, हे मला आजही कळलेलं नाही. मंजिरी देरा भागातल्या एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला होती. एकदा मला ती कपाटावरच्या दोन मोठ्या बॅगा ओल्या फडक्यानं पुसताना दिसली, आणि मी त्याच रात्री आणखी वीस अर्ज पाठवले.

व्हिसाचे सतरा दिवस उरले होते, तेव्हा फ्रान्सिसचा फोन आला.

"विन्या, लकी आहेस तू! ड्रॅगन मार्टच्या मागे एक नवी कंपनी येते. व्हेपरची."

"व्हेपर? म्हणजे वाफ?"

"मग दुसरं काय? माझ्या ओळखीचा ड्रायव्हर तिथं सामान टाकतो. तो बोलला, त्यांना एक सीनियर माणूस पाहिजे. मेकॅनिकल आणि रेग्युलेटेड, दोन्हीतला फरक समजावणारा. सेफ्टी समजावणारा. अरे, हे तर तुझ्याच बायोडेटातून उचललंय!"

आता तुम्हीच सांगा. व्हेपर. मेकॅनिकल. रेग्युलेटेड. सेफ्टी. ज्यानं अकरा वर्षं बॉयलरशेजारी डबा खाल्लाय, त्याच्या डोक्यात दुसरं काय येणार? मी म्हणालो, देव पावला!

दोन दिवस मी अभ्यास केला. जुन्या वह्या काढल्या. मंजिरीनं शर्टाला अशी इस्त्री केली, की बाहीवरून कागद कापता आला असता. आणि फाइलमध्ये सगळ्यात वर मी माझा लाडका फोटो ठेवला. त्याचं पुढे येतंच.

मुलाखत वरच्या मजल्यावर. खालच्या दुकानाच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, पाटी अजून लागायचीय. जिन्यात स्ट्रॉबेरीचा घमघमाट. मी म्हणालो, वा! सफाई चांगली ठेवतात.

आत दोघं बसलेले. मॅनेजर शिहाब, केरळचा, तिशीतला, हिंदी तोडकीमोडकी पण उत्साह दांडगा. आणि शेजारी मालक अबू खालिद. पांढरीशुभ्र पायघोळ कंदुरा, हातात चहाचा छोटा ग्लास, बोलणं नाही. म्हातारा नुसता माझ्याकडे बघत होता.

शिहाबनं सुरुवात केली. "एक्सपीरियन्स कितना साल?"

"ग्यारह साल."

त्याच्या भुवया वर गेल्या. "ग्यारह? दिन में कितना टाइम?"

"आठ-दस घंटे. सीझन में बारह."

"लगातार?"

"बंद करके चलेगा कैसा? एक बार ठंडा हो गया, तो फिर गरम करने में बहुत टाइम जाता है."

शिहाबनं आदरानं पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली. मी आणखी जोरात आलो. "और रमजान में तो पूछो मत. डबल!"

अबू खालिदचा ग्लास ओठांपाशी थांबला.

"रमजान में?" शिहाब दबक्या आवाजात.

"इफ्तार के बाद, साब. तब असली काम शुरू." अहो, इफ्तारचे टेबलक्लॉथ यायचे ना आमच्याकडे ढिगानं! म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि चहाचा घोट घेतला. आपण कुठल्या कड्यावरून परत आलो, याचा मला पत्ताही नाही.

"पहले मेकॅनिकल था कि रेग्युलेटेड?"

"पहले मेकॅनिकल. न चिप, न स्क्रीन. सब अपने अंदाज से. बाद में रेग्युलेटेड लिया."

"कॉइल कितने दिन में बदलते थे?"

आमच्या बॉयलरला कॉइलच होती हो, लोखंडाची! मी छाती काढून म्हणालो, "पाँच साल."

"एक कॉइल? पाँच साल?"

"पानी अच्छा रखो, तो कॉइल को कुछ नहीं होता."

"आप... पानी डालते थे?"

"और क्या डालेंगे?"

शिहाबनं वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मग विचारलं, "क्लाउड कैसा आता था?"

मला वाटलं, चिमणीचं विचारतोय. "बाजू की बिल्डिंग तक जाता था. एक बार म्युनिसिपालिटीवाला देखने आया."

"या अल्ला," शिहाब पुटपुटला. "कभी ब्लास्ट हुआ?"

अशा वेळी खोटं बोलू नये. मी सरळ सांगितलं, "एक बार. जोड फट गया. दीवार का प्लास्टर गिरा."

शिहाब खुर्चीच्या टोकावर आला. "उस वक्त मुँह में था?"

मला प्रश्न जरा विचित्र वाटला. पण आठवलं, स्फोट झाला तेव्हा मी बाहेर चहा पीत होतो. या माणसाला कसं कळलं? म्हणालो, "हाँ, मुँह में ही था. एकदम गरम. मैं गरम ही लेता हूँ."

"और आपको कुछ नहीं हुआ?"

"थोडा शर्ट पर गिरा."

शिहाबनं अबू खालिदला अरबीत भराभर काहीतरी सांगितलं. म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. त्याला मुद्द्याचं ऐकायचं होतं. नवखा माणूस आला, तर त्याला दोन्हींतलं काय द्यायचं?

हा माझा विषय! मी उठून उभाच राहिलो.

"मेकॅनिकल नए आदमी को कभी नहीं देना. मेकॅनिकल में आपके और आग के बीच में कोई नहीं है. ज्यादा गरम हुआ, तो वो खुद नहीं रुकेगा. आपको रोकना पडेगा. और आपको पता ही नहीं, कि कब रोकना है. रेग्युलेटेड में चिप देखती है. लिमिट के ऊपर गया, कि बंद. मेकॅनिकल बुरा नहीं है, पर उसको समझनेवाला आदमी चाहिए. और एक बात. प्रेशर बाहर जाने का जो छेद होता है, वो कभी बंद मत करना. छेद बंद, तो समझो बम बन गया!"

शिहाब अरबीत सांगत गेला आणि म्हातारा प्रत्येक वाक्याला "ज़ैन, ज़ैन" म्हणत गेला. म्हणजे छान, छान.

मला तर नेमणुकीचं पत्रच दिसायला लागलं. इथंच मी थांबलो असतो ना! पण हात शिवशिवतात. मी फाइल उघडली आणि म्हणालो, "साब, मेरे डिव्हाइस का फोटो दिखाता हूँ."

फोटोत मी उभा. शेजारी बॉयलर. माझ्या दुप्पट उंच, निळा, चिमणीसकट, आणि माझा हात त्याच्यावर असा टाकलेला, जसा सख्ख्या भावाच्या खांद्यावर.

शिहाबनं फोटो हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला. माझ्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा बॉयलरकडे बघितलं.

"ये... आप कैसे पीते थे?"

"पीते थे मतलब?"

त्यानं ड्रॉवर उघडला आणि टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक तांब्याची नळी, बोटभर. दुसरी काडेपेटीपेक्षा जरा मोठी चौकोनी डबी, तिला इवलीशी स्क्रीन.

"ये मेकॅनिकल," तो हळूच म्हणाला. "अंदर बॅटरी, ऊपर कॉइल, एक बटन. बस. बीच में कुछ नहीं. ये रेग्युलेटेड. इसमें चिप है. गरम हुआ, तो बंद करता है. साब, ये व्हेप शॉप है. इलेक्ट्रॉनिक सिगरेट."

माझ्या कानांतून तासाला दोन टन वाफ निघाली असेल. व्हेप विकायला त्याच वर्षी परवानगी मिळाली होती म्हणे. मला काय ठाऊक? आयुष्यात साधी बिडी ओढलेली नाही मी! मी फाइल गोळा करायला लागलो. कागद खाली पडले. ते उचलताना डोकं टेबलावर आपटलं. आणि खरं सांगू? हसू येत नव्हतं. त्या पुसून ठेवलेल्या बॅगा दिसत होत्या.

तेवढ्यात आवाज आला. अबू खालिद हसत होता. आधी नुसते खांदे हलले, मग ग्लास खाली ठेवला, मग डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसायला लागला. शिहाबही सुटला. हसता हसता म्हाताऱ्यानं मला हातानं खूण केली. बस.

मग तो थांबत थांबत बोलला आणि शिहाबनं मला सांगितलं. आठ जण येऊन गेले होते. सगळ्यांनी तोंडातून धुराची वर्तुळं काढून दाखवली. मेकॅनिकलमध्ये जोर किती, धूर किती, यावर भांडले. पण त्या छोट्या छिद्राबद्दल एकही बोलला नाही. या नळीलाही ते असतं, बॅटरी तापली तर गॅस बाहेर पडायला. "तू जे सांगितलंस, ते सगळं बरोबर आहे," म्हातारा म्हणाला. "फक्त वस्तू जरा मोठी होती."

मी म्हणालो, "साब, मी ओढणार नाही. आणि ज्यानं कधी ओढलेलं नाही, त्याला विकणारही नाही. मला मुलगी आहे."

अबू खालिदनं शिहाबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मला चार नातवंडं आहेत," तो म्हणाला. "यल्ला, चल. उद्या ये."

घरी आलो. मंजिरीनं दार उघडलं. मी म्हणालो, "मिळाली." ती मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. मग विचारलं, "कसली कंपनी?" मी सांगितलं. मग जी हसायला लागली, ती अजून थांबलेली नाही.

पण थांबा, फजिती अजून संपली कुठं?

दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक एक धिप्पाड इजिप्शियन. हातात सिगारेटचं पाकीट, सिगारेट सोडायची म्हणून आलेला. म्हणाला, "मेकॅनिकल दाखवा." मी त्याला बसवलं. चाळीस मिनिटं समजावलं. बॅटरी कशी तापते, कॉइलचा हिशोब चुकला तर काय होतं, बटण खिशात दाबलं गेलं तर काय होतं. मग न्याय म्हणून रेग्युलेटेडचंही सांगितलं, की चिप तुमची बोटं वाचवेल, फुप्फुसांचं तिला काही सांगता येत नाही. त्याला घाम फुटला. तो पाकीट माझ्याच टेबलावर टाकून निघून गेला. आठवड्यानं परत आला, बायकोला घेऊन आणि खजुराचा डबा घेऊन. सगळंच सोडलं होतं!

महिन्याभरात असे सहा जण झाले. सातवा कोण? शिहाब! म्हणाला, "साब, आपके बाजू में खडा रहता हूँ, रोज सुनता हूँ. अब मुझसे भी नहीं पिया जाता."

त्या संध्याकाळी अबू खालिदचं बोलावणं आलं. मी मनातल्या मनात बॅगा भरायलाच घेतल्या. म्हाताऱ्यानं आधी माझ्यासाठी चहा मागवला. मग म्हणाला, "हबीबी, तू फार चांगला माणूस आहेस. उद्यापासून तू गोडाऊनमध्ये. आलेला प्रत्येक डिव्हाइस तपासायचा, सदोष असेल तो परत पाठवायचा. व्हिसा पक्का. पगारही वाढवतो. अट एकच. गिऱ्हाइकांशी बोलायचं नाही. एक शब्द नाही."

मी तरंगत घरी आलो. जेवताना सगळं सांगितलं. ईशाचा घास हातातच राहिला.

"वेट, बाबा. दे आर पेइंग यू एक्स्ट्रा... टु नॉट टॉक?"

मी म्हणालो, "हो. तसंच काहीसं."

मंजिरीनं शांतपणे माझ्या ताटात पोळी वाढली आणि म्हणाली, "पैसे द्यावे लागतात होय? मी मेली सतरा वर्षं नुसतीच विनंती करत होते."