उजवीकडे बघणारा पक्षी

फुलदाण्या जमवणाऱ्यांकडे फुलदाण्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. जुन्या, हाताने रंगवलेल्या इंग्लिश पोर्सेलिनचं वेड असलेले नागपुरात आम्ही तिघं: धरमपेठचे प्रभाकरराव, बेस्याचा रामदास आणि मी. मी आपला नावापुरता, खरे दर्दी ते दोघं.

सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याचं सामान विकायला निघालं, त्यात एक जोडी होती. एका फुलदाणीवर डावीकडे बघणारा पक्षी, दुसरीवर उजवीकडे. दोघांनी एकदमच हात घातला. डावा प्रभाकररावांना मिळाला, उजवा रामदासला. तेव्हापासून प्रत्येक भेटीत प्रभाकरराव विचारायचे, "देतोस का?"

रामदास म्हणायचा, "तूच देऊन टाक ना गा. मलेच काहून मागून राहिला?"

* * *

प्रभाकररावांच्या हॉलमध्ये ऐन मे महिन्यातही कूलर बंद असतो. तो सुरू झाला की शोकेस थरथरते आणि फुलदाण्या इंचइंच पुढे सरकतात. पाहुणे घामाघूम होतात. वहिनी मुकाट्याने हातपंखे वाटतात.

* * *

एकदा प्रभाकरराव भाच्यासाठी मुलगी बघायला गेले. टेबलावर फुलदाणी दिसली. यांनी खिशातून भिंग काढलं आणि ब्रशचे फटकारे आहेत की छापील ठिपके ते बघितलं. मग तळाचा शिक्का बघायला ती सरळ उलटी केली. पाणी आणि गुलाब मुलीच्या वडिलांच्या मांडीवर!

"छापील आहे," प्रभाकरराव म्हणाले, "पण मुलगी चांगली आहे."

लग्न जमलं.

* * *

मागच्या वर्षी डॉक्टरांनी प्रभाकररावांना सांगितलं, नजर हळूहळू जाणार, इलाज नाही. आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी रामदास ऑटोने आला, मांडीवर गोधडीत गुंडाळलेला उजवा पक्षी घेऊन. त्याने तो शोकेसमध्ये डाव्याशेजारी ठेवला.

प्रभाकररावांनी विचारलं, "किती घेशील?"

"विकत नाही देऊन राहिलो. तुले दिसते तोवर पाहून घे. दिसणं बंद झालं की घेऊन जाईन."

आता तो दर रविवारी येतो. परवा मीही होतो. प्रभाकररावांनी चहाचा कप टेबलावर ठेवायला हात पुढे केला आणि टेबलाच्या अलीकडेच सोडून दिला. वहिनी फडकं आणायला आत गेल्या.

रामदासने शोकेसकडे बघत विचारलं, "काय गा, दिसते का अजून?"

"दिसतं ना," प्रभाकरराव म्हणाले. "स्पष्ट दिसतं."

"मंग राहू दे," रामदास म्हणाला, आणि खाली वाकून कपाचे तुकडे उचलायला लागला.