पाच मिलिमीटरच्या आतलं

मापताई ओरडत असल्या, की समजावं सगळं ठीक आहे. त्या गप्प होऊन चामडं कापायची सुरी दगडावर घासू लागल्या, की गिऱ्हाइकाने मुकाट्याने आपले पाय उचलावे आणि दुसऱ्या दिवशी यावं. त्या बूट करत, पण दुकानातले बूट ज्यांना होत नाहीत अशांचेच. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वळलेली, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. "पाय जोडीने जन्माला येतात, पण जुळे नसतात," हे त्या प्रत्येक नव्या माणसाला पट्टी हातात घ्यायच्या आधीच ऐकवत.

या कामात त्या शिरल्या त्या धाकट्या बहिणीपायी. लहानपणीच्या तापात धाकटीचा डावा पाय अधू झाला आणि बाजारातले बूट घालून ती जन्मभर ठेचकाळणार हे दिसू लागलं, तेव्हा थोरलीने एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली बसून काम शिकून घेतलं. त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली. दीड-दोन वर्षांनी नवा जोड आणि प्रत्येक जोडात काहीतरी नवं शहाणपण. गुडघा दुखू लागला तेव्हा टाचेखाली बाहेरच्या बाजूला चार मिलिमीटरची पाचर. बाळंतपणात पाऊल पसरलं तेव्हा तीन मिलिमीटर रुंदी. हे सगळं संगणकात नोंदलेलं आणि त्याने छापून दिलेल्या आराखड्यावरूनच त्या चामडं कापत. धाकटी शाळेत शिकवते, तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि ती काठीशिवाय जिने चढते. मापताईंना स्वतःच्या दुसऱ्या कशाचाही एवढा अभिमान नव्हता.

मग जुन्या संगणकाने मान टाकली. नवा आणला तर तो निराळ्याच जातकुळीचा. जुना प्रोग्रॅम त्याच्यावर चालेना आणि तो बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेलेली. म्हणजे आता नवा प्रोग्रॅम शोधा! दोन महिने मापताईंनी शोधाशोध केली. पहिला निघाला नटव्या चपलांचा. त्याला उंच टाच कळे, आखूड पाय कळेना. दुसऱ्याला डावा पाय दिला की उजवा तो आपल्या मनानेच काढी. तिसरा मात्र अधू पायांसाठीच केलेला होता, शिवाय जुनी मापंही उचलून घेतो म्हणे. भाचेजावई एका कचेरीत संगणकच सांभाळत. ते सुट्टीच्या दिवशी आले, जुन्यातली डिस्क काढून नव्याला जोडली आणि म्हणाले, "मावशी, आता तो विचारेल त्याची फक्त उत्तरं द्या."

त्याने विचारलं, आणि विचारतच राहिला. भाषा कुठली, कागद केवढा, इंच की सेंटिमीटर. मापताईंचं डोकं तापलं. पंचविसाव्या प्रश्नानंतर त्यांनी वाचणं सोडलं आणि 'होय' वर बोट ठेवलं ते काढलंच नाही. तीनशे बारा माणसांची मापं सुरळीत आली. "जुनी डिस्क पुसून टाकू का?" जावयांनी विचारलं. "टाका पुसून," मापताई म्हणाल्या. "अडगळ कशाला?"

नव्या प्रोग्रॅमवर पहिला जोड धाकटीचाच झाला, कारण तिचे बूट झिजले होते. तिने घातले, दोन पावलं चालली. "छान झालेत गं."

"टेबलावरचा हात काढ."

"अगं, सहज ठेवलाय."

"हात काढ म्हणते ना! खोटं बोलायला मी काय तुझ्या वर्गातली पोर आहे?"

धाकटीने हात काढला. दारातल्या तीन पायऱ्या उतरली, वळली आणि परत चढताना दुसऱ्याच पायरीवर तिचा गुडघा मुडपला. चौकट धरली म्हणून पडली नाही. वर तिने हसून दाखवलं आणि मापताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बहिणीवर, बुटावर, सगळ्या जगावर.

त्यांनी संगणक उघडला. पायाची लांबी होती, पण पाचर शून्य, वाढवलेली रुंदीही शून्य. दुसऱ्याचं माप उघडलं, तिसऱ्याचं उघडलं. सगळीकडे तेच. जावयांना फोन लावला. त्यांनी तिकडून शोधून सांगितलं, "मावशी, पाच मिलिमीटरच्या आतला फरक तो मोजणाऱ्याची चूक धरतो. चुका दुरुस्त करू का, असं त्याने विचारलं होतं. तुम्ही होय म्हटलंत."

जावई पडले, म्हणून मापताईंच्या तोंडाशी आलेलं घशातच राहिलं. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी त्या यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चूक म्हणे! पाच मिलिमीटरच्या आतच तर त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. आणि पंचवीस वर्षांच्या हाताला चूक म्हणणाऱ्या त्या मेल्याला होय कुणी म्हटलं? त्यांनीच. मग त्या गप्प झाल्या आणि त्यांनी सुरी घेतली.

धाकटीने थोडा वेळ सुरीचा आवाज ऐकला. मग हळूच म्हणाली, "माझे जुने सगळे आहेत. पोत्यात, माळ्यावर."

"फाटके बूट? कशाला ठेवलेस?"

"तू केलेले ना. टाकवले नाहीत."

"अडगळ जमवायची हौसच तुला," मापताई खेकसल्या, पण सुरी त्यांनी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी पोतं आलं. चौदा जोड. मापताईंनी एकेक टाच उकलून पाचर मोजली, तळ मोजले आणि आकडे भरले. प्रत्येक आकड्यानंतर प्रोग्रॅम विचारी: मोजमापात चूक दिसते, दुरुस्त करू? मापताई प्रत्येक वेळी तो प्रश्न मोठ्याने, शेवटपर्यंत वाचत आणि 'नाही' दाबत. संध्याकाळपर्यंत धाकटीचा पाय परत आला.

मग त्यांनी बाकीच्यांची यादी काढली. पहिला फोन एका म्हाताऱ्या पोस्टमनला, अठरा वर्षांचं गिऱ्हाईक.

"काका, तुमचे जुने बूट आहेत का हो? फाटके असले तरी चालतील."

"ते होय? गेल्याच महिन्यात टाकले सगळे," पोस्टमनकाका म्हणाले. "म्हटलं, ताईंकडे माप आहे, मग आपण कशाला सांभाळायचं?"

धाकटी समोरच बसली होती. मापताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"पाय घेऊन या, काका," त्या म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून मोजते. चूक माझी आहे."