वकिलातीची वेळ साडेबारापर्यंत

"अरे, देऊळ वाटलं का हे? बूट घाला आधी. वास मारतोय."

खिडकीमागचा कारकून चक्क मराठीत बोलला. परक्या देशातल्या आपल्याच वकिलातीत. मी आणि शांताराम नुसत्या मोज्यांवर उभे. शहापूरच्या कचेरीत शिरताना बाप वहाणा दाराशीच काढायचा. आम्हीही तेच केलं. रांगेतले हसले.

शांताराम शेणवे गावचा, मी डोळखांबकडचा; दोघेही शहापूर तालुक्यातले. एकाच मालवाहू जहाजावर खलाशी. दोर तुटून त्याची दोन बोटं गेली होती. कप्तानाने अहवालात लिहिलं, हा प्यायलेला होता. शांताराम दारूला शिवतही नाही. मी शेजारी होतो, मी पाहिलं होतं. माझा जबाब वकिलातीत नोंदवला नाही, तर कप्तानाचा तेवढा कागद खरा ठरणार होता. जहाज संध्याकाळी सुटणार होतं.

"बाहेर थांबा. बोलावतो."

थांबलो. दोन तास. मी बी.ए., घरातला पहिला. आश्रमशाळेतल्या गुरुजींमुळे शिकलो, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण साहेबाने सांगितलं की ऐकायचं, हेही त्यांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी त्या शिकवणीने मला पायरीवर बसवून ठेवलं.

साडेबाराला कारकुनाने खिडकी लावली. "वेळ संपली. सोमवारी या."

तेवढ्यात जहाज कंपनीचा माणूस आला. हातात कप्तानाचा अहवाल. शिक्का हवा होता. कारकून हसत उठला. दार उघडलं.

शांतारामने पट्टीतला हात पोटाशी धरला. "चल रे. सायबाच्या नादी कोन लागंल? आपली लायकी काय, तूच सांग."

लायकी.

दाराशेजारी फीचा फलक होता. दोन तास समोर बसून मी तो वाचला नव्हता. पदवीधर मी! आता वाचला. वेळेनंतरच्या कामाला जादा फी. खलाशाच्या तक्रारीला फी नाही.

मी आत शिरलो. "त्यांचं काम वेळेनंतर होतं. आमचंही करा."

"ती सोय कप्तानांसाठी आहे."

"फलकावर तसं लिहिलेलं नाही. दाखवा."

"फार शिकलास वाटतं?"

"हो. जबाब घ्या. तोवर हलणार नाही."

शेवटी त्याने जबाब लिहून घेतला. त्यावर शिक्का मिळाला. कागद तोंडावर फेकल्यासारखा. कंपनी अजून दारूचंच सांगते आहे. प्रकरण कोर्टात चालू आहे. शांताराम थकला आहे, म्हणतो, सोड आता. सोडणार नाही. प्रत्येक तारखेला जाईन. त्याची बोटं दारूपायी गेली, हे मी कुठल्याही कागदावर टिकू देणार नाही.