कडू घास

बेळगावच्या बाजारामागच्या या गल्लीत आम्ही चर्चच्या सेवेला आलो, तेव्हा आमच्या ह्यांना वाटायचं, वर्षभरात गल्ली आपलीशी होईल. मला तसलं काही वाटत नव्हतं. पत्र्याच्या दोन खोल्या, एक दिवसाआड येणारं नळाचं पाणी आणि त्या पाण्यावरून भांडणं. या लोकांना तुमच्या प्रवचनाची काय पडलीय, असं मी तोंडावर म्हणायची. ते हसायचे. पोरांच्या शिकवण्या घ्यायचे, कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की स्कूटर काढायचे. प्रार्थना कुणी मागितली तरच करायचे. गल्ली त्यांना 'सर' म्हणायची. मान होता, पण उंबऱ्यापर्यंतचाच.

शेजारच्या म्हातारीला आम्ही आक्का म्हणायचो. नाताळच्या करंज्या नेल्या की ती ताट घ्यायची, गोड बोलायची आणि म्हणायची, "आज उपास हाय गं." चहा विचारला तरी उपास. एवढे उपास करून ही बाई इतकी धडधाकट कशी, म्हणून आम्ही दोघं हसायचो. मला आतून लागायचं मात्र.

गेल्या वर्षी हे अचानक गेले. कबरस्तानातून घरी आलो, तेव्हा लोंढ्याहून आलेली माझी बहीण म्हणाली, "चल माझ्याबरोबर. इथं तुझं आहे तरी कोण?"

 इतकी वर्षं आम्ही या लोकांचे होतो. हे लोक आमचे होते का, ते कुणाला विचारायचं? राग आला तो ह्यांचाच. मला इथं आणून ठेवलं आणि आपण निघून गेले.

चर्चच्या मंडळीतले चारदोन लोक बसले होते, म्हणून मी चहा टाकायला उठले. गॅस पेटवला, तेवढ्यात आक्का दारात. हातात झाकलेली परात.

"बंद कर ते. मयताच्या घरात चूल पेटवत्यात व्हय?"

बहीण सरळ म्हणाली, "आमच्यात सुतक पाळत नाहीत, आजी."

खरंच होतं ते. या सगळ्यातून प्रभूने मोकळं केलंय, असं आम्हीच गल्लीला कितीदा सांगितलं होतं. आक्का परात घेऊन तशीच मागे वळायला लागली.

मी गॅस बंद केला.

मग ती आत आली, पहिल्यांदाच. परातीत पिठलं आणि भाकरी होत्या. इकडे मयताच्या घरी पहिलं जेवण भाऊबंद आणतात आणि घरच्यांबरोबर बसून जेवतात. त्याला कडू घास म्हणतात. आक्का गुडघे धरत माझ्याजवळ जमिनीवर बसली. भाकरी मोडून एक तुकडा तिने माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला आणि आमच्याच माठातलं पाणी मागितलं.

बहिणीला रीत ठाऊक होती. ती हळूच म्हणाली, "पण आजी, हे तर भाऊबंदांनी आणायचं असतं ना?"

आक्काने तोंडातला घास सावकाश गिळला.

"मग आणलंय कुनी?"

कबरस्तानात मी रडले नव्हते. आता घास हातात धरून ढसाढसा रडले. बहीण दोन दिवसांनी लोंढ्याला गेली, एकटीच.