मसाजीची चौथी नळी

मसाजी सुताराला लाकूड बेताचंच कळायचं. त्याच्यापेक्षा सफाईनं रंधा मारणारे त्या मुलखात कितीतरी होते. तरी पेरणीची तिफण मोडली की लोक वाट वाकडी करून त्याच्याच दारात यायचे, कारण मोडलेली तिफण उलटीपालटी करून मसाजी सांगायचा की ती कुणाच्या हातची आहे आणि काय करताना मोडली. ही विद्या त्याला रखमाजीनं दिली.

रखमाजी कळमनुरीचा म्हातारा सुतार. बाजाराच्या कडेला लिंबाखाली त्याचा ठिय्या. मसाजी त्याच्याकडे गेला ते एकोणीसशे पंचविसाच्या आगेमागे, लग्न झाल्यावर, पोरीचा बाप झाल्यावर. त्याला वाटलं होतं, म्हातारा मापं सांगेल. म्हातारा कसली मापं सांगतो! बाजाराच्या दिवशी दुरुस्तीला आलेल्या ढिगातून एखादं अवजार ओढायचं, मसाजीपुढं टाकायचं आणि विडी पेटवून बसायचं. हे कशानं मोडलं, सांग. मसाजी म्हणे, फण झिजलाय, नवा ठोकतो. म्हातारा विचारी, मग तो डाव्या अंगानंच काहून झिजला? आता आली का पंचाईत. मग अवजाराच्या मालकामागं त्याच्या शेतापर्यंत तंगडतोड करायची, बांधावर बसायचं आणि तो काम कसं करतो ते मुकाट बघायचं.

त्या डाव्या फणाची गोष्ट अशी निघाली की मालकाचा एक बैल थकला होता. तो मागं पडला की तिफण तिरकी व्हायची आणि सगळा भार एका फणावर यायचा. मसाजीनं फण तसाच ठेवला आणि दांडी बसवायचं भोक थोडं सरकवलं. रखमाजीनं ते बघितलं आणि फक्त "बराबर" म्हणाला. मसाजी त्या एका शब्दावर बरेच दिवस जगला.

आणखी एक गोष्ट त्याला लिंबाखालीच कळली. सुताराला त्याच्या तोंडावर खरं कुणी सांगत नाही. गावचा सुतार बलुत्यावरचा. खळ्यावर धान्य घ्यायचं आणि वर्षभर कुळांचं काम करायचं. असल्या जन्माच्या नात्यात वाईटपणा कोण घेतो? नवी तिफण बरी चालत नाही म्हणण्यापेक्षा ती आढ्याला टांगायची आणि भावकीतली मागून आणायची, ही आपली रीत. म्हणून मसाजी आपल्या गावी परतला तेव्हा त्यानं विचारणंच सोडलं. पेरणीनंतर ज्वारी वर आली की तो शिवारात फिरायचा. तास कुठं तुटलाय, कुठं दाटलाय, ते बघायचा. माणूस भिडेखातर गप्प राहील, पण उगवण गप्प राहत नाही, असं त्याला वाटायचं. इथवर त्याचं सगळं खरं होतं.

त्याची एकुलती एक पोरगी पंचफुला. तिला निजामाच्या हद्दीवर, कनेरगाव नाक्याच्या अलीकडच्या गावात दिली होती. सासर जातीनं सुतारच, पण इनामाची जमीन असल्यामुळं दोन पिढ्यांपूर्वी लाकूड तासायचा वाकस सोडून नांगराला लागलेलं. चाळीस सालानंतर तिचा नवरा तापानं गेला. पोटी लेकरू नाही. सगळी जमीन दिराकडं, तातेरावाकडं गेली आणि पंचफुला त्याच घरात राहिली. कशाच्या जोरावर राहिली, हा प्रश्न मसाजीनं कधी मनात आणला नाही. दीर-जाऊ भले आहेत, असं तो चारचौघांत सांगायचा.

एका पेरणीला तो तिच्या गावी गेला. तातेराव तिफणीवर होता आणि मागं पंचफुला सरता धरून चालली होती. सरता म्हणजे बांबूची एक सुटी नळी. ती दोरीनं तिफणीला बांधतात, आणि मागून चालणारी बाई एका हातानं नळी जमिनीत दाबून दुसऱ्या हातानं तिच्यात तूर सोडत जाते. तिफणीच्या तीन नळ्यांतून ज्वारी पडते, सरत्यातून तूर. दिवसभर ढेकळांतून, वाकून. संध्याकाळी बापाला भाकर वाढताना पंचफुला बोलता बोलता म्हणाली, "बा, सरता दाबून दाबून खांदा उतरून राहिला."

एवढंच म्हणाली आणि उठून पाणी आणायला गेली.

झालं, त्याच्या डोक्यात किडा शिरला. तिफणीलाच मागून चौथी नळी जोडायची. सरता धरणारी बाईच नको.

पहिल्या वर्षी त्यानं तसली तिफण आपल्या गावच्या सोनाजीला दिली. सोनाजी म्हणाला, झकास. दहा दिवसांनी मसाजी शिवारात गेला तर तुरीचा तास जागोजाग तुटलेला. ओली काळी माती नळीच्या तोंडात गच्च बसत होती. बाई असती तर तिनं नळी उचलून झटकली असती. दुसऱ्या वर्षी त्यानं तोंडाशी लोखंडी जीभ बसवली. नळी मोकळी राहिली, पण तूर पडली ती मुठीनं. तिसऱ्या वर्षी त्यानं नळीच्या वरच्या, दाणे टाकायच्या वाटीत एक लाकडी भोवरा ठेवला. तिफणीला ढेकळाचा हिसका बसला की भोवरा हले आणि एक-दोन दाणे खाली घरंगळत. त्या वर्षी सोनाजीच्या शेतात तूर अशी रांगेनं आली की मसाजी बांधावर उभा राहून एकटाच हसला. रखमाजी तेव्हा जिवंत नव्हता. असता तर काय म्हणाला असता कोण जाणे, पण मसाजीला खात्री होती.

सेहेचाळीसच्या मृगाआधी तो नवी तिफण बैलगाडीत घालून पोरीच्या सासरी घेऊन गेला. तातेरावानं ती फिरवून बघितली आणि मसाजीला आग्रहानं ठेवून घेतलं. पेरणीचा मुहूर्त झाला. तातेराव एकटा तिफणीमागं चालत होता, ज्वारी पेरत होता, तूर आपोआप पडत होती. पंचफुला पाण्याचा तांब्या घेऊन बांधावर बसली होती. पेरणीत बसलेली पोरगी मसाजी पहिल्यांदाच बघत होता. त्याचे डोळे भरून आले. इतकं सुख त्याला तिच्या लग्नातही झालं नव्हतं, आणि ते त्यानं लपवलंही नाही. पंचफुला मात्र गुडघ्यावर हनुवटी टेकून तिफणीकडं बघत होती. बापाला वाटलं, इतक्या वर्षांचा थकवा आहे.

पुढच्या मृगात पंचफुला एक बोचकं घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. बरोबर कुणी नव्हतं.

तिला कुणी हाकललं नव्हतं की मारलं नव्हतं. जाऊ शालूबाई गोड बोलूनच म्हणाली होती की यंदा शेतात तसं काम नाही, चार दिवस माहेरी राहून या. पंचफुलानं ते ऐकलं आणि तिला त्याचा अर्थ कळला. खुरपायला, वेचायला मजुरीच्या बाया हव्या तितक्या मिळतात. पेरणीच्या दिवसांत मिळत नाहीत. तेव्हा ज्याची बाई त्याच्या शेतात. शालूबाईच्या कडेला दरसाल एक तान्हं. त्या घरात सरता धरणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तर विधवा, बिनलेकराची पंचफुला त्यांना वर्षभर चालत होती. तिच्या ताटातली भाकर त्या सरत्यातून येत होती.

मसाजी नको नको ते बोलला. तातेरावाला शिव्या घातल्या, शालूबाईचं माहेर उद्धरलं. पंचफुला बोचक्याची गाठ सोडत होती. त्याचा श्वास संपल्यावर ती हळूच म्हणाली, "खांदा दुखतो, एवढंच म्हनलं होतं मी, बा. सरता नको, असं कवा म्हनलं?"

सोनाजीच्या शेतातली माती त्यानं बोटांनी चिवडून बघितली होती, तुरीचे दाणे मोजल्यासारखे बघितले होते. पोरीपाशी मात्र तो क्षणभर बसला नव्हता. ती आपलीच, तिला काय विचारायचं, असं धरून चालला होता.

दुसऱ्याच दिवशी तो कनेरगावाकडं निघाला. तातेरावानं पाय धुवायला पाणी दिलं, चहा केला. मसाजी म्हणाला, ती चौथी नळी मी काढून नेतो, तिच्यात खोट आहे. तातेराव हसला नाही की रागावलाही नाही. "काढा की, मामा," तो म्हणाला. "पन गावच्या सुतारानं बघून तसल्या केल्यात. मी त्याच्याकडून घेईन." मसाजीनं खिडकीतून बघितलं. शेजारच्या दोन्ही घरांच्या भिंतींना तसल्याच तिफणी टेकून ठेवलेल्या होत्या. वाटीतला भोवरासुद्धा हुबेहूब. तो नळीला हात न लावता परत आला.

त्यानंतर रझाकारांची धामधूम सुरू झाली. नाक्यापलीकडं वऱ्हाडात पळून जाणाऱ्यांच्या गाड्या रस्त्यानं लागल्या, गावं अर्धी रिकामी झाली. सासरहून पंचफुलाला न्यायला कुणी येईल, ही आशा मसाजीनं तेवढ्या गडबडीतही काही दिवस बाळगली. मग तीही सोडली.

अठ्ठेचाळीसच्या मृगाआधी गावात माणसं कमी होती आणि पेरणी तर व्हायलाच हवी होती. सोनाजी आणखी एक तिफण मागायला आला, त्याच्यामागं आणखी काही कुळं आली. सगळ्यांना चौथ्या नळीची तिफण हवी. मसाजी म्हणाला, लाकूड ओलं आहे. सोनाजीनं घरची वाळकी बाभूळ आणून टाकली. बलुत्याच्या सुताराला नाही म्हणता येत नाही, आणि नाही म्हटलं तरी काय झालं असतं? स्वतःचं शेत नसल्यानं दरसाल दुसऱ्यांचा सरता धरून पोट भरणाऱ्या सखुबाईनं त्याच्या दारावरून जाताना तोंड फिरवलं. ती पंचफुलाच्याच वयाची, पदरात दोन लेकरं, नवरा नाही. मसाजीला तिला हाक मारावीशी वाटली, पण हाक मारून सांगायला काहीच नव्हतं.

नळीला भोक पाडायचं होतं. गिरमिट फिरवताना बांबू हातातून निसटत होता. त्यानं आत बघितलं. पंचफुला बाहेर आली, समोर बसली आणि बांबू दोन्ही हातांत धरला. तिची पकड पक्की होती. बांबू जरासुद्धा हलला नाही.

"दुखलं तर सांग," मसाजी म्हणाला.

"न्हाई दुखत," ती म्हणाली, आणि त्यानं गिरमिट फिरवायला घेतलं.