तहानलेला वाफा

बंगळूरला बदली होऊन दामोदर पेंढारकरांना जेमतेम महिना झाला होता, तेवढ्यात टायफॉइडने त्यांना गाठलं. होसकोटेच्या वाटेवरच्या सरकारी शेतात, वर-खाली दोन वाफ्यांत, त्यांनी आपल्या टोमॅटोची रोपं नुकतीच लावली होती. पानांवर पांढरी भुरी धरणार नाही असं वाण काढण्यात त्यांची सारी उमेद खर्ची पडली होती. दरसाल नवा संकर, दरसाल तीच निराशा. निवृत्ती जवळ आलेली. यंदा रोपं स्वच्छ राहिली तरच वाणाला मान्यता मिळणार होती, नाहीतर काम बंद.

अंगात कणकण घेऊनच ते पाणी देणाऱ्या मुनियप्पाला सांगायला गेले. त्याला मराठी येत नव्हतं. यांचं कानडी म्हणजे शेजारच्या यल्लव्वाकडून उचललेले चार शब्द. ती बेळगावकडची, कोंबड्यांना दाणे टाकताना म्हणाली होती, "साकु म्हणजे पोसायचं, अण्णा."

"मुनियप्पा, नीरु... साकु," रोपांकडे हात करून दामोदर म्हणाले.

"साका, सार?" मुनियप्पा बुचकळ्यात पडला.

"साकु, साकु!"

अंथरुणातून उठून ते शेतावर आले तेव्हा वरच्या वाफ्यातली माती भेगाळली होती. रोपं खुजी, पानं जाड, काळपट हिरवी. मुनियप्पाने हातवारे करून सांगितलं, साहेबांनीच पाणी बंद करायला सांगितलं होतं. रोपांनी अगदीच माना टाकल्या की त्याला राहवत नसे. मग तो 'स्वल्प' देई, तेवढंच.

घरी हे ऐकून यल्लव्वा पदर तोंडाला लावून हसली. "अवो अण्णा, पुरे झालं तरीबी साकुच म्हणत्यात की! कुणी जेवाय वाढताना काय म्हणतासा मग?"

"इथं अजून जेवायला बोलावलंय कुणी?" दामोदर म्हणाले. रागवायचं होतं, पण रागाला लागणारं बळही तापाने नेलं होतं.

पुढे धुक्याच्या गार सकाळी सुरू झाल्या आणि भुरी शेतभर पसरली. तळ्याच्या बांधाखालचा दामोदरांचा दुसरा वाफा पाझराने कायम ओला असे. तिथली पानं पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी झाली. वरचा तहानलेला वाफा मात्र स्वच्छ. त्यांनी पान न् पान उलटून पाहिलं. पहिल्यांदा छाती भरून आली, आणि मग हळूहळू रिकामी होत गेली. दोन्ही वाफ्यांत बी एकच होतं. गुण बियात असता तर खालची रोपंही वाचली असती. थोडी तहान सोसताना वरच्या रोपांनी अंग आवळून घेतलं असावं, आणि भुरीला शिरकाव मिळाला नसावा.

पाहणीला वरिष्ठ रत्नाकर साहेब यायचे होते. सकाळी डबा देताना त्यांच्या पत्नी प्रतिमाबाई एवढंच म्हणाल्या, "या वेळी त्यांना हो म्हणू दे. तुम्ही मध्ये काही बोलू नका."

साहेब वरच्या वाफ्याशी उकिडवे बसले. "जिंकलात की पेंढारकर! नाव काय ठेवायचं वाणाचं?"

दामोदरांनी बांधाखाली बोट दाखवलं. "साहेब, खालचा वाफा बघायचा राहिलाय."

"तो कशाला? ओल्या मातीतलं पीक ते. आणि तुम्ही किती दमलाय! चला, चहा घेऊ."

"दमलोय खरा. पण बी तेच आहे."

साहेब खाली उतरले. एक पान त्यांनी बोटाने पुसलं. बोट पांढरं झालं.

"म्हणजे वाण गेलं."

"गेलं. आता पाण्याचं बघायला हवं. किती तोडलं म्हणजे रोपही जगेल आणि भुरीही धरणार नाही."

"निवृत्तीच्या आत होईल?"

"सगळं नाही होणार. मुनियप्पाला घेऊन सुरुवात करतो."

बांध चढताना त्यांना धाप लागली. साहेबांनी हात पुढे केला आणि दामोदरांनी तो धरला.