गणपाची फुलं

माझा मोबाईल हल्ली फार रखडतो. बोट लावलं की पडद्यावर नुसतं गोल फिरत राहतं. काल सुनेनं तो हातात घेतला.

"मामा, हा गळ्यापर्यंत भरलाय. ही शुभ सकाळची फुलं पुसून टाकते, मग बघा कसा पळतो."

"एकालाही हात लावायचा नाही."

"अहो, गुलाब नि झेंडू, तेच तेच तर आहे सगळं!"

तिला काय सांगायचं? गणपा माझा लहानपणापासूनचा जोडीदार, पलीकडच्या गावात राहायचा. लिहिणं आम्हा दोघांनाही जड, म्हणून रोज सकाळी एकमेकांना फूल पाठवायचं ठरलेलं. फूल आलं म्हणजे गडी उठला. दिवाळीनंतर एका सकाळी फूल आलं नाही, आणि दुपारी मी त्याच्या मातीला गेलो.

म्हातारा माणूस गुडघ्यांमुळं हळू होतो, असं डॉक्टर म्हणतात. मला नाही पटत. आत साठलेलं काढून टाकलं असतं, तर मीही पळालो असतो.

फोन तसाच ठेवलाय. गणपाचं शेवटचं फूल उघडायला तो फार वेळ लावतो, आणि तेवढा वेळ मला वाटतं, फूल आत्ताच येतंय.